दोन तिसांच्या मधे

दहावी ‘ब’ला फसवायची कालिंदीची एक ठरलेली जागा होती, आणि पोरी दरवर्षी बरोबर तिथंच फसायच्या. फळ्याच्या डाव्या अंगाला एका पोरीच्या उडीचं सूत्र लिहायचं, उजव्या अंगाला दुसरीच्या उडीचा तक्ता आखायचा, दर दशांश सेकंदाला ती जमिनीपासून किती सेंटीमीटर वर होती ते भरायचं, आणि खडूचे हात झटकत विचारायचं, सांगा बघू, जास्त उंच कोण उडाली? सूत्रातनं उडीचा शेंडा काढायला पोरी एव्हाना शिकलेल्या असायच्या. गडबड व्हायची ती तक्त्यापाशी. आकडे समोर आयते मांडलेले दिसले की कुणाला डोकं चालवावंसं वाटत नाही, त्यातला मोठा उचलायचा आणि मोकळं व्हायचं. आजही तसंच झालं. डावीकडचं उत्तर आलं साडेतीस. उजवीकडं तिनं पुस्तकात न बघताच आकडे लिहिले, शून्य, वीस, तीस, तीस, वीस, शून्य. सगळा वर्ग एका सुरात तीस म्हणाला, डावीकडची जिंकली म्हणाला, आणि कालिंदी हसून म्हणाली, “फसलात की गं.” मग तिनं नेहमीसारखं समजावून सांगितलं. तीस हा आकडा दोनदा आलाय तो उगीच नाही. एकदा वर जाताना आलाय, एकदा खाली येताना. म्हणजे उडीचा शेंडा त्या दोन तिसांच्या मधे आहे, तक्त्यात तो नाहीच. तिनं सहा ठिपक्यांवरनं खडू फिरवला, वळणाच्या टोकावर टिंब दिलं आणि शेजारी लिहिलं, सव्वाएकतीस. म्हणजे जिंकली ती उजवीकडची. आणि एवढं बोलून तिचा हात फळ्यावरच थांबला.

हे आकडे पुस्तकातले नव्हते. पुस्तकात एक बेडूक होता आणि त्याचे आकडे वेगळे होते. हे सहा आकडे एका जित्याजागत्या पोरीचे होते, आणि ती पोरगी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसून सव्वाएकतीसच्या खाली पट्टीनं रेघ मारत होती. भूमिका. डावीकडचं सूत्रही पुस्तकातलं नव्हतं, ते होतं अवंतिकाचं, कालिंदीच्या स्वतःच्या मुलीचं, जी या घटकेला शेजारच्या ‘अ’ वर्गात भूगोल ऐकत असणार. गेल्या रविवारपासून दोघींच्या उड्या तिच्या हाताला चिकटून बसल्या असाव्यात, आणि आज फळा दिसताच आपण होऊन उतरल्या. पोरींना यातलं काही माहीत नव्हतं. पण त्या दोन उड्यांचा निकाल रविवारीच लागून गेला होता, आणि तो कालिंदीनंच लावला होता, आत्ता वर्गानं लावला अगदी तसाच. तिनं पोरींना फळ्यावरचं उतरून घ्यायला सांगितलं आणि खुर्चीवर बसली. भूमिकानं मान वर करून बघितलं, तशी कालिंदी उगीचच हजेरीची पानं उलटू लागली.

प्रकरण म्हटलं तर एवढंसं होतं. शाळेचा व्हॉलीबॉलचा संघ उद्या सकाळी विभागीय सामन्यांना जयसिंगपूरला निघायचा होता. अकराजणी ठरल्या होत्या, बाराव्या जागेला दोघी अडल्या. खेळाचे बाळासो सर तसे रोखठोक गडी, पण त्यांचंही घोडं तिथं अडलं. मैदानावर रेषा मारायची पांढरी फक्की बोटांना लावायची, भिंतीजवळ उभं राहून हात टेकवायचा, मग उडी मारून वर बोटं उमटवायची, अशी त्यांची जुनी पद्धत. दोघींची बोटं उमटली, पण एकीची ओघळली, दुसरीची फिस्कटली, आणि पोरी तावातावानं भांडायला लागल्या. तेव्हा सरांनी भिंतीवर टेप लावून दोघींच्या उड्यांचं मोबाईलवर शूटिंग घेतलं आणि ते कालिंदीकडं पाठवून दिलं. तुमी गणितवाल्या, म्हणाले, तुमीच सांगा कुणाची मोठी. सर, त्यातली एक माझी मुलगी आहे, असं ती म्हणाली होती. नक्की म्हणाली होती. त्यावर बाळासो सर सगळ्या शिक्षकखोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “म्हणून तर तुमास्नी सांगतोय. तुमच्याइतकं सरळ माणूस ह्या शाळंत दुसरं न्हाय.” तेव्हा तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं होतं.

आणि मग तो रविवार. नवरा राजवर्धन सुट्टी संपवून पहाटेच पुण्याच्या नोकरीवर गेलेला, घरात मायलेकी दोघीच. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अवंतिका मोबाईल धरून बसली होती, उडी दर दशांशाला थांबवून टेपवरचा आकडा वाचत होती आणि कालिंदी तो लिहून घेत होती. आधी अवंतिकाची उडी घेतली. तिच्यावर कालिंदीनं मन लावून काम केलं, आकड्यांवर सूत्र बसवलं, उणे पाचशे टी वर्ग अधिक दोनशे सत्तेचाळीस टी, मग रीतसर शेंडा काढला. साडेतीस. मग भूमिकाची उडी घेतली. शून्य, वीस, तीस, तीस, वीस, शून्य. कुकरची शिट्टी झाली. कालिंदीनं तीस लिहिलं, बाळासो सरांना निरोप टाकला की अवंतिका अर्ध्या सेंटीमीटरनं पुढं आहे, आणि उठून गॅस बारीक केला. एकीची उडी तराजूत तोलली आणि दुसरीची नुसती हातात धरून अंदाजानं सांगितली, असा हा प्रकार. पण कुकरची शिट्टी आधी झाली होती, की तीस आधी लिहून झालं होतं? आता खुर्चीवर बसून ती तेवढंच आठवायला बघत होती. शिट्टी आधी झाली असेल तर गडबडीत चूक झाली, माणूस आहे, चुकतं. तीस आधी लिहिलं असेल तर मात्र पेन आपलं आपणच थांबलं होतं. आणि ज्या चुकीला वर्षानुवर्षं पोरींना हसली, तीच चूक नेमकी त्या दिवशी, नेमकी त्या आकड्यांपाशी तिच्या हातनं कशी व्हावी? एकाशेजारी एक दोन तीस तिला दिसले नाहीत? दिसले होते की. डोळ्यांना दिसले होते. पुढं काय झालं तेच तिला सापडत नव्हतं.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत चहा आला, तो तिच्यापुढं निवत पडला. खिडकीतनं मैदानाचा कोपरा दिसत होता, बाळासो सर जर्सीच्या पिशव्या मोजून ठेवत होते. उठायचं, दहा पावलं चालायचं आणि सांगायचं, एवढंच तर काम. पण मनाला पळवाटा चिकार सुचतात. मोबाईल वाकडा धरला असेल. टेप सैल असेल. अर्धा-पाऊण सेंटीमीटर म्हणजे काय, नखाएवढं अंतर, त्यावर कुणी पोरीचं नशीब ठरवतं का? ठरवलं होतं मात्र तिनंच, आणि तेही अर्ध्या सेंटीमीटरवरच, म्हणून त्या वाटेनं फार लांब जाता येईना. मग अवंतिका डोळ्यांपुढं आली. अवंतिका म्हणजे अबोल, घुमी पोरगी, कशालाही बोलावलं तर नको म्हणणारी. शाळेत आईला मॅडम म्हणायची आणि घरी येईपर्यंत आई म्हणायचं विसरून जायची. कालिंदी ‘अ’ वर्गाला शिकवत नसली तरी पेपर तीच तपासायची, आणि अवंतिकाचा पेपर आला की तिच्या हाताला धार यायची. एकक लिहिलं नाही, अर्धा गुण कमी. रेघ वाकडी, अर्धा गुण कमी. दुसरीचं तसलंच उत्तर ती सोडून द्यायची, पण पोरीचं सोडलं तर चार लोक काय म्हणतील? अवंतिकानं कधी तक्रार केली नाही. पेपर घ्यायची, दप्तरात घालायची. आणि त्या रविवारपासून हीच पोरगी न्हाणीघरात गाणी म्हणायला लागली होती. सकाळी आईच्या पोळ्या लाटून द्यायला उभी राहायची, काल तर तिनं मागनं येऊन कालिंदीच्या गळ्यात हात टाकले, आणि कालिंदी लाटणं हातात धरून तशीच थांबली, हालली की पोरगी हात काढून घेईल म्हणून. हे सगळं त्या अर्ध्या सेंटीमीटरवर उभं होतं. चहा तसाच ठेवून ती तासाला गेली. दुपारभर तिला बाळासो सर दोनदा आडवे आले आणि दोन्ही वेळा ती हसली.

शाळा सुटली तेव्हा फाटकापाशी नागाप्पा उभा होता, भूमिकाचा बाप. शिरोळकडचा शेतकरी माणूस, डोक्यावर टोपी, पायांत धुळीच्या चपला, हातात कापडी पिशवी. पोरगी खेळात बरी म्हणून त्यानं तिला इथं शाहूपुरीत मावशीकडं ठेवलं होतं, हे कालिंदीला ठाऊक होतं. तिला बघताच त्यानं रामराम केला आणि पिशवी पुढं केली. कृष्णाकाठची वांगी होती, देठाला अजून काटे ताजे. कशाला, कशाला, म्हणत तिनं हात मागं घेतला, पण त्यानं ती स्कूटरच्या हुकाला अडकवूनच टाकली. पोरीला न्यायला आलोय म्हणाला. आमचं असं ठरलं हुतं मॅडम, की औंदा संघात आली तर ऱ्हाऊ दे, न्हाई तर गावाकडच्या शाळंत घालायची. मावशीवर तरी किती दिस भार टाकायचा? कालिंदीनं विचारलं, भूमिका काय म्हणते? नागाप्पानं टोपी सारखी केली. “रडली म्हनं रातभर. फोनवर म्हटली, अप्पा, मोबाईलवाल्या शूटिंगात गडबड असंल. मी म्हटलं, यडी का खुळी तू? मॅडमनी सोता गणित घातलंय. त्यास्नी सोताच्या पोरीला कमी मार्क देताना समदी शाळा बघती. त्या चुकत न्हाईत.” तो हे अगदी मनापासून बोलत होता. साडेसहाच्या गाडीनं निघणार म्हणाला. तेवढ्यात भूमिका दप्तर घेऊन आली, डोळे सुजलेले, पण वाकून पाया पडली. “येतो मॅडम,” म्हणाली, आणि मग जाताजाता वळून, “आजचं गणित लई भारी हुतं.” बापलेक रस्ता ओलांडून गेले. कालिंदीला हाक मारायची होती. तोंड उघडलंही होतं.

घराकडं, कळंब्याच्या वाटेला, स्कूटर आपोआप चालली होती आणि हुकाला अडकवलेली वांग्यांची पिशवी गुडघ्यावर आपटत होती. नागाप्पाचं वाक्य कानातनं जाईना. सोताच्या पोरीला कमी मार्क देताना. हे तिनं आयुष्यभर मिरवलं होतं, आणि ते तिचं स्वतःचंही नव्हतं, वडिलांकडनं आलेलं होतं. वडील जयसिंगपूरला मास्तर होते, अंबादास मास्तर म्हणून सगळ्या गावाला धाक. एकदा वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक तेच आणि बोलणाऱ्यांत कालिंदीही. तिनं सगळ्यांत चांगलं भाषण केलं होतं, टाळ्यांवरनं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मास्तरांनी तिला दुसरी काढली. सभागृहात लोक म्हणाले, वा, याला म्हणतात न्याय. ही गोष्ट कालिंदी शिक्षकखोलीत कितीतरी वेळा रंगवून सांगायची आणि ऐकणारे माना डोलवायचे. त्या रात्री जेवताना आपण वडिलांच्या तोंडाकडं बघत बसलो होतो, आता काहीतरी म्हणतील, निदान चांगलं बोललीस म्हणतील, तेवढं मात्र ती कधी सांगायची नाही. ते काही म्हणाले नाहीत. भात वाढायला सांगितला. पुढं तिला बक्षिसं पुष्कळ मिळाली, नोकरी मिळाली, पण त्या जेवणाच्या पाटावरची पोरगी काही उठली नव्हती, अजूनही ती वडिलांच्या तोंडाकडंच बघत होती. सिग्नल सुटला तरी ती थांबलेली बघून मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला आणि काय ओ मावशी, झोप लागली काय, म्हणत निघून गेला.

घरी अवंतिका दिवाणावर चादर अंथरून जर्सीला इस्त्री करत होती. निळी जर्सी, पाठीवर बाराचा आकडा. गुणगुणत होती. वांगी बघून म्हणाली, भरली करूया, मी मसाला वाटते. कालिंदी पर्स न उतरवताच खुर्चीवर टेकली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता हाताशी येईना. शेवटी तिनं सरळच सांगितलं, की अवंतिका, रविवारचं गणित चुकलंय. भूमिकाची उडी तीस नव्हती. इस्त्री जर्सीवरनं उचलली गेली आणि उभी ठेवली गेली. अवंतिकानं विचारलं नाही कसं चुकलं, किती होती. ती चादरीची सुरकुती सपाट करत राहिली.

“सव्वाएकतीस,” ती म्हणाली.

कालिंदी तिच्याकडं बघतच राहिली. तुला कधी कळलं, असं तिनं विचारलं, पण उत्तर तिला आधीच दिसायला लागलं होतं. मोबाईल कुणाच्या हातात होता? आकडे कोण वाचत होतं?

“तेव्हाच. दोन तीस लागोपाठ आले ना. मी तुझ्याकडं बघितलं. तू पण बघत होतीस. मग तू तीस लिहिलंस.” अवंतिकाचा आवाज बारीक झाला होता, पण तुटत नव्हता. “तुला दिसलं नसेल असं मला वाटलंच नाही. तुला न दिसता कसं जाईल? मला वाटलं, आईनं एकदा माझ्यासाठी केलं. मी चुकीचं आहे म्हणायला पाहिजे होतं. पण आई, मला इतकं बरं वाटलं.”

म्हणजे ती गाणी बाराव्या जागेची नव्हती. पोळ्या, गळ्यातले हात, सगळं त्या एका लिहिलेल्या तिसाचं होतं. कालिंदीला वाटलं उठून पोरीला पोटाशी धरावं, पण उठवेना. बाहेर कुणीतरी नळ सोडला होता, बादली भरल्याचा आवाज येत होता, भरून वाहायला लागल्याचाही. घड्याळाकडं बघून तिनं पर्समधनं मोबाईल काढला. बाळासो सरांना फोन लावायचा होता, यात आता शंका नव्हती. शंका होती ती पुढच्या वाक्याची. फोन लागला. तिनं सांगितलं की सर, निकाल उलटा आहे, भूमिकाची उडी मोठी आहे, जागा तिची, आणि ती साडेसहाच्या गाडीनं गावाला निघालीय. पलीकडं सरांचा तो मोठा आवाज एकदम मऊ झाला. असू द्या हो मॅडम, म्हणाले, मानूस हाय, गडबडीत हुतंय. मी मोठ्या मॅडमना सांगतो, चुकून झालं म्हणून. तुमास्नी कोण काय म्हणनार हाय?

त्यांनी दार उघडून धरलं होतं. हो म्हटलं की झालं, नाव शाबूत, उद्या शिक्षकखोलीत उलट कौतुकच, बघा, स्वतःची चूक स्वतः सांगितली. अवंतिका दिवाणाच्या कडेला उभी होती आणि आईच्या तोंडाकडं बघत होती. नुसती बघत होती, काही म्हणतील का म्हणून वाट बघणारी पोर बघते तशी. त्या रविवारी खरं काय झालं होतं, शिट्टी आधी की तीस आधी, हे कालिंदीला या क्षणीही माहीत नव्हतं, पुढं कधी कळेल असंही वाटत नव्हतं. चुकून, एवढा शब्द उच्चारला की पोरीच्या हातात आलेलं ते एकुलतं एक तीस काढून घेतलं जाणार होतं. तिनं फोन घट्ट धरला.

“नाही सर,” ती म्हणाली. “चुकून नव्हे. मला दिसलं होतं. माझी पोरगी होती, म्हणून मी तीस लिहिलं.”

पलीकडनं सर ‘बरं’ एवढंच म्हणाले, आणि फोन बंद झाला. उद्या ही गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत पसरलेली असणार, परवा शाहूपुरीत, आणि नागाप्पाच्या गावातसुद्धा. कालिंदीचे कान तापले होते. आयुष्यभर जपून आणलेलं काहीतरी हातनं खाली पडलं होतं आणि तिला वाकून ते उचलावंसं वाटत नव्हतं, याचंच तिला नवल वाटत होतं. मान वर करायला तिला धीर होईना. इस्त्रीचं बटण बंद झाल्याचा आवाज आला. अवंतिकानं जर्सी उचलली, बाह्या आत दुमडल्या, बाराचा आकडा वर येईल अशी नीट घडी घातली आणि ती आईच्या मांडीवर ठेवली. तिचे डोळे भरले होते.

“भूमिकाला होईल ही,” ती म्हणाली. “आमचं माप एकच आहे. चल आई, गाडी साडेसहाची आहे ना?”